कापडी पिशवी की कॅरीबॅग? पूर्ण हिशेब मांडून पाहू

महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली आणि तीन महिन्यांची मुदत संपताच, २३ जून २०१८ पासून, तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि वर तीन महिन्यांची कैद. तेव्हापासून आपल्या कापड बाजारात एक वाक्य सर्रास ऐकू येते, की आता कापडी पिशवीचे दिवस आले. यंत्रमागवाल्याला कापड खपण्याची आशा, शिलाई कामगाराला कामाची आशा आणि दुकानदाराला पिशवीवर आपले नाव छापून घेण्याची हौस. यात गैर काहीच नाही. आम्ही स्वतः कापडाच्याच धंद्यातले; पिशव्या जितक्या जास्त शिवल्या जातील तितका आमचा फायदा. परंतु विकायच्या मालाचा गुण आणि ऐब दोन्ही गिऱ्हाइकाला सांगावेत, अशी आपल्या धर्माची व्यापाऱ्याला शिकवण आहे. कापडी पिशवीचे गुण सर्वांनी सांगून झाले. ऐब मात्र कोणी फारसे सांगत नाही.

प्रथम प्लॅस्टिकची बाजू पाहू. ही पिशवी उगीच घरोघर पोहोचली नाही. एक साधी कॅरीबॅग जेमतेम पाच ग्रॅमची असते. म्हणजे एका किलोत दोनशे पिशव्या. तेवढ्याशा वजनात ती पाच किलो बटाटे उचलते, पावसात भिजत नाही आणि दुकानदाराला पैशात पडते. तिच्यातला दोषही याच हलकेपणातून निघतो. भंगारवाला वजनावर पैसे देतो. खरकट्याने माखलेल्या दोनशे पिशव्या वेचाव्यात, धुवाव्यात, तेव्हा कुठे किलोभर माल होणार. मग ती वेचणार कोण? मालेगावात जुने प्लॅस्टिक धुऊन, दळून त्याची गिट्टी आणि गिट्टीपासून पाइप तयार करणारे कारखाने आहेत. मोडकी खुर्ची, तेलाचा कॅन, फुटकी बादली तिथपर्यंत पोहोचते. कॅरीबॅग पोहोचते ती गटारात किंवा उकिरड्यावरच्या गाई-बकऱ्यांच्या पोटात. कुर्बानीच्या जनावराचा कोठा फाडताना आतून पिशव्यांचा गोळा निघालेला आपल्या कसाई बांधवांनी पाहिला असेल.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो पूर एकट्या पिशव्यांनी आणला नव्हता, पण तुंबलेल्या नाल्यांत त्या सापडल्या, आणि पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम केले. बांगलादेशला हा अनुभव आधीच आला होता. १९८८ आणि १९९८ च्या महापुरात ढाक्याचे पाणी वाहून जायला वाट उरली नाही, त्यात या पिशव्यांचा वाटा मोठा होता. २००२ मध्ये पातळ पॉलिथीन पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला. तागाचे घर असलेल्या देशाला पिशवीचा तुटवडा पडायला नको होता. तरीही काही वर्षांत पॉलिथीन बाजारात परतले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारला आधी सुपरमार्केटमध्ये आणि मग भाजीबाजारात तीच बंदी नव्याने लागू करावी लागली. आपल्याकडचा अनुभव काही निराळा नाही. तराजूजवळ दुसरी सोय नसेल तर बंदी कागदावर राहते.

आता आपल्या मालाकडे वळू. ३६ इंची पन्ह्याच्या जाड मांजरपाटाच्या एका मीटरात बाजाराच्या दोन पिशव्या बसतात. पुढची-मागची बाजू कापल्यावर कडेला जी पट्टी उरते तिच्यातून पट्टे निघतात. अशी एक पिशवी ५० ते ५५ ग्रॅम भरते, म्हणजे कॅरीबॅगच्या दहापट. आणि हे कापड आकाशातून पडत नाही. एक किलो रुई पिकवायला जगाच्या सरासरीने सुमारे १० हजार लिटर पाणी लागते. त्या हिशेबाने एका पिशवीमागे ५०० लिटर पाणी झाले. महाराष्ट्रातला कापूस बहुतांशी कोरडवाहू, तो पावसाच्या पाण्यावर येतो, हे खरे. पण फवारणी आणि खत त्यालाही लागते. पुढे जिनिंग, सूतगिरणी, सायझिंग, यंत्रमाग, आणि पिशवी पांढरी किंवा रंगीत हवी असेल तर ब्लीचिंग आणि रंगाई. प्रत्येक टप्प्यावर वीज, कोळसा, पाणी आणि सांडपाणी. भिवंडी किंवा इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा सगळा खर्च धरला तर कापडी पिशवी किती वेळा वापरल्यावर प्लॅस्टिकच्या बरोबरीला येते? परदेशात याचा अभ्यास झाला आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर आले, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या तुलनेत १३१ वेळा, तेही फक्त हवामान तापण्याच्या निकषावर. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये तिथल्या जाड प्लॅस्टिक पिशवीशी तुलना केली. तिथे तापमानाच्या निकषावर ५२ वेळा आणि सर्व निकष एकत्र धरले तर ७,१०० वेळा हे आकडे निघाले. रोज एकदा वापरली तरी ७,१०० वेळा म्हणजे साडेएकोणीस वर्षे झाली! प्लॅस्टिकवाल्यांनी हा आकडा फार मिरवला.

तो नीट वाचला पाहिजे. सात हजारांचा आकडा ओझोनच्या एका निकषामुळे इतका फुगला आहे. सर्व निकष एकत्र धरायचे म्हटले की जो सर्वांत वाईट तोच पकडला जातो. शिवाय डेन्मार्कमध्ये प्लॅस्टिकची पिशवी आधी घरच्या कचऱ्याच्या डब्यात लावली जाते आणि मग भट्टीत जाळून तिच्यापासून वीज आणि ऊब मिळवली जाते. रस्त्यावर किंवा पाण्यात पडणारी पिशवी त्या हिशेबात धरलेलीच नाही, कारण तिथे ती नगण्य मानली गेली. आपल्याकडे नुकसान नेमके तिथेच होते. तुंबलेले गटार, मेलेली गाय, किनाऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यात अडकणारा कचरा, हे कोपनहेगनच्या खातेवहीत येत नाही.

म्हणून आम्ही ५२ आणि १३१ हे आकडे उपयोगाचे मानतो. आठवड्याच्या बाजाराला एकच पिशवी नेली तर ५२ वेळा एका वर्षात होते आणि १३१ वेळा अडीच वर्षांत. चांगल्या शिलाईची मांजरपाटाची पिशवी तेवढी सहज टिकते. म्हणजे कापड जिंकू शकते, पण एका अटीवर. घरात पिशवी एक-दोनच असली पाहिजे. आज परिस्थिती काय आहे? साडीच्या दुकानातून एक पिशवी, मिठाईवाल्याकडून एक, लग्नात एक, शिबिरात-अधिवेशनात फाइलीसकट एक, इज्तेमाहून येताना आणखी एक. कपाटातल्या दांडीवर तीस पिशव्या लटकत असतील आणि प्रत्येक वर्षातून दोनदा बाहेर पडत असेल, तर ५२ चा आकडा गाठायला तिला २६ वर्षे लागतील. प्रत्येक खरेदीवर फुकट दिलेली नवी कापडी पिशवी ही दहापट वजनाची कॅरीबॅगच होय. त्याला इस्राफ म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही, मग तिच्यावर 'पर्यावरण वाचवा' असे कितीही मोठ्या अक्षरात छापलेले असो.

याहून मोठी गफलत त्या हलक्या, जाळीदार दिसणाऱ्या पिशवीत आहे जिला बाजारात 'कापडी' म्हणून खपवले जाते. तिला नॉन-वोव्हन म्हणतात, म्हणजे न विणलेली. तिच्यात ताणा नाही, बाणा नाही. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू पसरून उष्णतेने दाबून चिकटवलेले असतात. बाजूच्या कडाही बहुधा शिवलेल्या नसतात, यंत्राने चिकटवलेल्या असतात. सरळ सांगायचे तर ती प्लॅस्टिकच आहे. केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलके असे नॉन-वोव्हन चालत नाही. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगची जाडीही केंद्राने त्याच तारखेपासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. ती वाचून आमचे काही दुकानदार बंधू समजले की जाड पिशवी आता खुली झाली. केंद्राची मर्यादा वेगळी आणि राज्याची बंदी वेगळी. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत कॅरीबॅगला जाडीची सवलत ठेवलेली नव्हती.

जाड नॉन-वोव्हन पिशवी वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात ती सहा वेळा वापरली की तापमानाच्या निकषावर बरोबरीला येते, म्हणजे सुताच्या पिशवीपेक्षा कितीतरी लवकर. पण जी कापड नाही तिला कापड म्हणून विकणे ही फसवणूक झाली. पारख सोपी आहे. कडेचा एक दोरा किंवा तुकडा चिमट्यात धरून काडी लावा. सूत कागदासारखे जळते, कागदाचाच वास येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिप्रॉपिलीन आधी आकसते, वितळते, थेंब गळतो, मेणबत्तीसारखा वास येतो आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो. पॉलिएस्टरही वितळून काळा मणी देते. दोन्हींची भेसळ असेल तर राख आणि मणी दोन्ही दिसतील. काडी नको असेल तर पाण्याचा थेंब टाका. धुतलेले सुती कापड तो लगेच पिऊन टाकते, नॉन-वोव्हनवर तो बराच वेळ तसाच उभा राहतो.

आता स्वच्छतेचा प्रश्न. इथे कापडी पिशवीची बाजू सर्वांत लंगडी आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. वापरून फेकायच्या पिशवीचा एक गुण मान्य करावाच लागेल, की मागच्या बाजाराची घाण ती पुढच्या बाजारात आणत नाही. कापडी पिशवी आणते. अमेरिकेत ॲरिझोना आणि लोमा लिंडा या विद्यापीठांच्या संशोधकांनी लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि टूसॉन या शहरांत खरेदीला आलेल्या लोकांकडून त्यांच्या ८४ पिशव्या घेऊन तपासल्या. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या पिशव्यांत कोलिफॉर्म जातीचे जंतू निघाले आणि ८ टक्के पिशव्यांत ई. कोलाय, जो आतड्यातून, विष्ठेतून येतो. पिशवी कधी धुता का, असे विचारल्यावर ९७ टक्के लोकांनी कधीच नाही असे सांगितले. मांसाचे पाणी लागलेल्या पिशव्या दोन तास मोटारीच्या डिकीत ठेवल्या, तर जंतू दहापट झाले. या अभ्यासाला रसायन आणि प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने पैसा दिला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण त्याच अभ्यासाचा शेवटचा निष्कर्ष असा की पिशवी हाताने किंवा यंत्रात धुतली की ९९.९ टक्क्यांहून जास्त जंतू निघून जातात. तो निष्कर्ष मात्र जाहिरातीत कोणी छापत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यातील शाळकरी मुलींच्या फुटबॉल संघात उलट्या-जुलाबांची साथ आली. आरोग्य खात्याने माग काढला तेव्हा समजले की एका आजारी मुलीच्या न्हाणीघरात खाऊची पिशवी ठेवलेली होती. मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. विषाणू हवेतून तिच्यावर बसले आणि त्यातला खाऊ खाऊन बाकीच्या मुली आजारी पडल्या. आपल्या छोट्या घरांत पिशव्यांची खुंटी न्हाणीघराच्या दारामागे असते. ती जागा आजच बदलावी.

मांसाच्या बाबतीत आणखी खोलात जाणे जरूर आहे. आपल्या मोहल्ल्यातील गोश्तच्या दुकानात काळी पिशवी मिळते. ती काळी का असते? वेगवेगळ्या रंगांचे टाकाऊ प्लॅस्टिक एकत्र वितळवले की त्याचा मळकट रंग काळ्यानेच झाकला जातो. म्हणजे ज्या पिशवीत आपण खाण्याची सर्वांत नाजूक वस्तू ठेवतो, तीच बहुधा सर्वांत हलक्या भंगारातून आलेली असते. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत खाद्यपदार्थ देऊ नयेत असे केंद्राच्या १९९९ च्या नियमांतच सांगितले होते. वर्तमानपत्राचा कागद हाही उपाय नव्हे; छपाईच्या शाईमुळे त्यात अन्न बांधू नये, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वेळोवेळी बजावले आहे.

मग गोश्त कापडी पिशवीत न्यावे काय? मुळीच नाही. मांसाचे पाणी सुतात मुरते, शिलाईच्या जाडीत बसते, वरून धुतले तरी कोपऱ्यात राहते. जबहच्या वेळी वाहणारे रक्त नापाक आहे आणि त्याचा डाग लागलेले कापड धुतल्याशिवाय पाक होत नाही, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. पण तीच पिशवी दुसऱ्या दिवशी भाजीला आणि तिसऱ्या दिवशी मुसल्ला ठेवायला चालते असे दिसते. मांस आणि मासळीसाठी झाकणाचा स्टीलचा डबा हवा. दुकानदाराने डबा आधी रिकामा तोलावा, वजन वजा करावे, मग माल टाकावा. दोन मिनिटे जास्त लागतील, पण तोलाविषयी शंका राहणार नाही. ईद-उल-अजहा २०२१ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी जून-जुलैत आली, म्हणजे हवा उष्ण किंवा दमट. अशा दिवसांत ताजे, गरम गोश्त प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले की आतल्या आत वाफ धरते आणि दोन-तीन तासांत वास मारू लागतो. पूर्वी वाट्याचे गोश्त पातेल्यात किंवा परातीत, वर ओले फडके झाकून नेले जाई आणि भांडे रिकामे करून परत येई. ज्या घरी चाळीस वाटे करायचे असतात त्यांना एवढी भांडी जमणार नाहीत हे आम्ही जाणतो, पण निदान शेजारपाजारचे वाटे तरी भांड्यातून जाऊ शकतात.

बाकीच्या बाजारासाठी कापडी पिशवी उत्तम, फक्त ती कपड्यासारखी वापरावी. सदरा जसा आठवड्याला धुण्यात टाकतो तशी पिशवी टाकावी. गरम पाणी, साबण, मग उलटी करून कडक उन्हात वाळवणे. आतली बाजू वर आली पाहिजे, कारण घाण आत असते. वेगळी धुण्याची गरज नाही, इतर कपड्यांत गेली की पाण्याचा खर्चही वाढत नाही. ओली कोथिंबीर किंवा दुधाच्या पिशव्या आणल्या असतील तर घडी करण्याआधी ती वाळू द्यावी.

जे बंधू पिशव्या शिवून विकतात किंवा शिवून घेतात त्यांच्यासाठी काही धंद्याच्या गोष्टी. ग्रे कापड तसेच शिवू नका. सायझिंगची खळ त्यात असते. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, झुरळ लागते, आणि पहिल्या धुण्यात पिशवी आकसून पट्टे वाकडे होतात. कापड आधी धुऊन घ्यावे किंवा धुतलेला लठ्ठा घ्यावा. आतली शिवण मोकळी सोडली की तिच्यात पीठ, माती, भाजीची पाने अडकतात. शिवण दुमडून बंद करावी. पट्टा नुसता वर टाचू नये, पिशवीच्या अंगात दोन इंच खाली घेऊन चौकोनी टाके मारावेत, कारण दहापैकी नऊ पिशव्या पट्ट्याजवळच फाटतात. आतून प्लॅस्टिकचे अस्तर किंवा लॅमिनेशन देऊ नये. गरम पाण्यात ते सुटते आणि मग पिशवी ना धुता येते ना भंगारात जाते. गडद रंग टाळावा. फिक्या कापडावर डाग दिसतो, आणि डाग दिसला तरच बाई पिशवी धुण्यात टाकते. छपाई कच्च्या रंगाची असेल तर ती दुसऱ्या कपड्यांवर उतरते; अशी पिशवी कोणी दुसऱ्यांदा धुत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माल. वर ५०० लिटर पाण्याचा जो हिशेब दिला तो नव्या कापडाचा आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग टेबलाखाली जी चिंधी पडते, ताक्याच्या शेवटी जो कटपीस उरतो, ज्या चादरीत विणकामाचा दोष निघाला म्हणून ती परत आली, त्याचे पाणी, वीज आणि रंग खर्च होऊन गेलेले असतात. त्यातून पिशवी शिवली तर तिच्या खात्यावर फक्त शिलाई आणि दोरा पडतो, आणि ५२ वेळांची अट जवळपास उरतच नाही. चिंधी किलोवर जाते. पिशवी झाली की ती नगावर विकते. मधला फरक हा शिवणाऱ्याच्या मजुरीचा आहे, आणि ही मजुरी घरात बसून मशीन चालवणाऱ्या आपल्या बहिणींना मिळू शकते. तुकडे जोडून शिवलेली पिशवी सारख्या मापाची आणि सारख्या रंगाची येत नाही, म्हणून मोठा दुकानदार ती नाकारतो. त्याने नाव छापलेल्या हजार पिशव्यांऐवजी अशा दोनशे घ्याव्यात आणि फुकट न देता अनामत ठेवून द्याव्यात. मुंबईत आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या अशाच फिरत असत; रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. पिशवी परत आली की पैसे परत, मात्र दुकानदाराने ती धुतल्याशिवाय दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

फाटलेल्या सुती पिशवीचेही गिऱ्हाईक आहे. गॅरेजवाले आणि छापखानेवाले यंत्र पुसायला जुने सूत वजनावर घेतात, आणि घरात तिचे पोतेरे होतेच. नॉन-वोव्हनचे पोतेरे होत नाही, ते पाणी पीत नाही.